मीटर कोणाच्या नावावर आहे?

पत्र

ताई, मी अमळनेरची. वय ३१. जळगावला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, पुण्याला नगररचनेत पदव्युत्तर. गेली पाच वर्षं पुण्यातच एका मोठ्या फाउंडेशनच्या शहर विभागात प्रोग्राम ऑफिसर आहे. संस्थांचे प्रस्ताव वाचायचे, भेटी द्यायच्या, अनुदानाची शिफारस करायची, अहवाल तपासायचे. काम आवडतं. पुढे कधीतरी शहरांसाठी काम करणारं फाउंडेशन स्वतः चालवावं, असं मनात आहे. आता एकदम दोन ठिकाणांहून विचारणा आली आहे. मुंबईच्या एका फाउंडेशनमध्ये शहर विभागाची उपप्रमुख, पगार उत्तम. आणि जळगावच्या एका उद्योजक कुटुंबाला नवं फाउंडेशन काढायचं आहे. ‘आपल्या खान्देशातली शहरं सुधारू’ म्हणतात आणि प्रमुख म्हणून मलाच बोलावतात. पहिल्या वर्षासाठी त्यांच्या डोक्यात चौक सुशोभीकरण, कारंजं आणि सेल्फी पॉइंट आहे. आई म्हणते, घराजवळ ये. आप्पा म्हणतात, “दुसऱ्याचा पैसा वाटायला एवढी शिकलीस का?” मी कुठे जाऊ? या कामात माणूस वर कसा जातो? कोणाची कारकीर्द समोर ठेवू? आणि मला अहो-जाहो करू नका, तुमच्या भाचीसारखी आहे.

— अमळनेरची एक वाचक

उत्तर

भाचीबाई,

जळगावला जा. पण त्या कुटुंबाला आधीच सांग की पहिलं वर्ष मी एक रुपयाही वाटणार नाही. हे त्यांना मान्य नसेल तर मुंबईला जा आणि मनाला लावून घेऊ नकोस.

असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण मी तुझ्याएवढी होते तेव्हा तुझ्याच खुर्चीवर होते आणि नेमकं उलट वागले.

खान्देशातल्या एका नगरपालिकेच्या हद्दीत, बाजाराला लागून असलेल्या वस्तीत आम्ही सार्वजनिक शौचालय बांधून दिलं. गावाचं नाव सांगत नाही, आमच्या तेव्हाच्या संस्थेचंही नाही. बायकांसाठी आठ सीट, पुरुषांसाठी सहा, मागच्या बाजूला कपडे धुवायला ओटा. तो ओटा माझी कल्पना. वस्तीतल्या बायकांशी बोलता बोलता सुचलेली, म्हणून मला त्याचं फार अप्रूप होतं. पांढऱ्या टाइल्स, दर्शनी भिंतीवर देणगीदाराच्या नावाची काळी ग्रॅनाइटची पाटी. फीत कापली, पेढे वाटले, फोटो अहवालात गेले. आठ महिन्यांनी धुळ्याहून परतताना वाट वाकडी करून मी तिथे गेले. दाराला कुलूप, कुलपावर गंज. माझ्या ओट्यावर कोणीतरी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या.

समोर चहाच्या टपरीपाशी एक बाई बसल्या होत्या, पालिकेत झाडूकामाला असणाऱ्या. शौचालय बंद का, म्हणून मी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि भांडणाचा सूर अजिबात न लावता विचारलं, “ताई, मीटर कोना नाववर शे? लाईटनं बील कोन भरी?”

मला सांगता आलं नाही. किती सीट, टाइल्सचा भाव काय, पाटीवरची अक्षरं केवढी, सगळं तोंडपाठ होतं. मीटर कोणाच्या नावावर आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते निघालं ठेकेदाराच्या नावावर. काम संपलं, ठेकेदार गेला, बिल थकलं, वायरमन येऊन जोडणी तोडून गेला, बोअरची मोटर बंद पडली, पाणी थांबलं आणि शेवटी कोणीतरी कुलूप लावलं. पालिकेच्या अंदाजपत्रकात त्या शौचालयाच्या देखभालीची एक ओळसुद्धा नव्हती, कारण हस्तांतरणाचा ठराव आम्ही सर्वसाधारण सभेतून करून घेतलाच नव्हता. मुख्याधिकारी तोंडी ‘करून घेऊ’ म्हणाले होते. मधल्या काळात त्यांची बदली झाली. यात वाईट कोणी नव्हतं. आम्ही गावाला देणगी दिली होती, गाव कसं चालतं ते मात्र पाहिलं नव्हतं.

ते शौचालय बांधायला पाच महिने लागले होते, उघडायला चौदा लागले. ठराव, मीटरचं नाव बदलणं, थकलेलं बिल, पाणीपुरवठ्याची जोडणी, सफाईसाठी वस्तीतल्या बायकांचा गट, त्यांच्या मानधनाची तरतूद. त्या चौदा महिन्यांत मी पालिकेच्या लेखापालांच्या टेबलासमोर इतक्या वेळा बसले, की त्यांनी अखेर एक दिवस कपाटातून जुनी अंदाजपत्रकं काढली आणि मला वाचायला शिकवली. पाणीपट्टी किती येते आणि पाणी द्यायला किती लागतं. वित्त आयोगाचा कोणता पैसा ठरावीक कामांनाच बांधील असतो, कोणता मोकळा. कराची मागणी किती, वसुली किती, आणि त्या दोन आकड्यांमधल्या खड्ड्यात गावाच्या किती गोष्टी पडलेल्या असतात. नगररचनेची पदवी माझ्याकडेही होती. त्या टेबलावर जे कळलं ते पदवीत कुठेच नव्हतं.

म्हणून पहिलं वर्ष वाटप नको. जळगाव आणि धुळे महानगरपालिका, भुसावळ, अमळनेर, नंदुरबारच्या नगरपालिका, यांतल्या दोन निवड आणि तिथे जाऊन बस. परवानगी माग, पत्र दे, जमलं तर एखाद्या अभ्यासाच्या निमित्ताने शीर. लेखा विभाग, पाणीपुरवठा, आरोग्य. सकाळी सहाला मुकादम हजेरी घेतो तिथे उभी राहा. कायम किती, ठेक्यावर किती, कोणाच्या हातात मोजे आहेत, कोणाच्या नाहीत, हे तिथे पाच मिनिटांत दिसतं. घंटागाडीबरोबर एक पूर्ण फेरी कर, कचरा शेवटी जिथे पडतो तिथपर्यंत.

आणि व्हॉल्व्हमनबरोबर फिर. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे तुला मी सांगायला नको. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, टेकाडावरच्या घरांना दाब मिळावा म्हणून आधी कोणता बंद करायचा, हे कुठल्याच नकाशावर नसतं. ते त्या माणसाच्या डोक्यात असतं आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जातं. पाणी सोडायला तो निघाला की दारादारांतून बाया विचारतात, “दादा, पानी कवय ई?” आणि तो न थांबता वेळ सांगत जातो. शहर म्हणजे काय, हे मला त्या फेरीत सगळ्यात जास्त कळलं.

या मातीत हे नवं नाही. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पाटावर पाइपचा सायफन टाकण्याचं. म्हैसूरची धरणं पुढची. आधी पांझरा.

आता सुरतेबद्दल. तुझ्या गावातून सुरतेला रोज गाड्या जातात. तिथल्या उधना, लिंबायत या वस्त्या म्हणजे अर्धा खान्देशच. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली तेव्हा आपली किती माणसं तापी लाइनच्या गाड्यांना लटकून घरी परतली होती, हे आप्पांना विचार. पुढच्याच वर्षी एस. आर. राव तिथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं, कचरा आणि गटारं यांची जबाबदारी माणसागणिक वाटून दिली, आणि दोन वर्षांत सुरतेचं नाव स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. ते काम कोणत्याही फाउंडेशनचं नव्हतं. पालिकेनेच केलं, तिच्याच माणसांनी. फाउंडेशन चालवू पाहणाऱ्या माणसाने हे पक्कं ध्यानात ठेवावं. शहर बदलतं ते पालिकेच्या हातून. आपण फार तर तो हात मोकळा करतो.

मग आपली गरजच काय? तेही सुरतेतच दिसतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावं लागलं आणि बहुतेक सगळं शहर बुडालं. त्यानंतर अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने आशियातल्या शहरांसाठी हवामान बदलाचा एक कार्यक्रम सुरू केला, त्यात सुरत होती. त्या पैशातून पुराची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था उभी राहिली आणि २०१२ मध्ये सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट स्थापन झाला, महानगरपालिका आणि शहरातल्या व्यापारी मंडळींना सोबत घेऊन. पालिकेला आज ज्यावर खर्च दाखवता येत नाही, पण दहा वर्षांनी ज्यावाचून अडेल, अशा गोष्टीसाठी बाहेरचा पैसा उपयोगी पडतो. कामाचा धनी स्थानिक ठेवला तर तो पैसा संपल्यावरही काम राहतं.

याच फाउंडेशनची दुसरी गोष्टही लक्षात ठेव. २०१३ मध्ये त्यांनी जगातल्या शंभर शहरांसाठी मोठा कार्यक्रम जाहीर केला. संकटांना तोंड देण्याची तयारी शहरांनी करावी, त्यासाठी प्रत्येक शहरात एक खास अधिकारी असावा, अशी कल्पना. आपल्याकडून सुरत होती, पुणं होतं. फाउंडेशनचं नेतृत्व बदललं आणि २०१९ मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला. शहराच्या कामाला वीस वर्षं लागतात आणि फाउंडेशनचं मन पाच वर्षांत बदलतं. तू प्रमुख झालीस की तुझ्या हातून हे घडू नये म्हणून काय करायचं, त्याकडे शेवटी येते.

कोणाची कारकीर्द समोर ठेवू, असं विचारलंस. मी एक नाव देईन. रिप रॅपसन, अमेरिकेतले. मूळचे वकील. १९८९ ते १९९३ ते मिनियापोलिस शहराचे उपमहापौर होते. तिथे वस्त्यांनी आपापला आराखडा स्वतः ठरवायचा आणि त्याला पालिकेचा पैसा मिळायचा, अशी योजना उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता. फाउंडेशनमध्ये ते त्यानंतर आले. आधी तिथल्याच मॅकनाइट फाउंडेशनचे अध्यक्ष, मग २००६ मध्ये डिट्रॉइटजवळच्या क्रेसगी फाउंडेशनचे. क्रम बघ. शहराच्या कारभारात आधी, फाउंडेशनमध्ये नंतर.

क्रेसगीचा इतिहास तुझ्या त्या कुटुंबाला जरूर सांग. पाच-दहा सेंटला वस्तू विकणाऱ्या दुकानांवर श्रीमंत झालेल्या एका माणसाने १९२४ मध्ये ते काढलं. कित्येक दशकं त्यांची रीत एकच होती. इमारतींना पैसा द्यायचा. बरीचशी रक्कम तुम्ही जमवा, उरलेली आम्ही घालतो. वाचनालय, दवाखाना, कॉलेजची विंग. चांगलंच काम होतं ते. रॅपसननी मात्र ती रीत मोडली. संस्थांच्या रोजच्या खर्चाला पैसा, कमी व्याजाची कर्जं, एखाद्या वस्तीत दहा-दहा वर्षं टिकून राहणं, असं वळण दिलं. आपल्याकडच्या सभामंडप आणि प्रवेशद्वार बांधून देणाऱ्या देणगीदारांना हे किती अवघड वाटेल, ते मला चांगलं माहीत आहे. पाटी भिंतीवर लागते. लेखनिकाच्या पगारावर कुठे लावणार?

मग जुलै २०१३ मध्ये डिट्रॉइट शहराने दिवाळखोरी पत्करली. देणं सुमारे १८ अब्ज डॉलर. निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन धोक्यात आलं आणि शहराच्या मालकीच्या संग्रहालयातली चित्रं विकून देणी भागवावीत अशी भाषा सुरू झाली. तेव्हा बऱ्याच फाउंडेशनांनी मिळून ३६ कोटी डॉलरहून जास्त रक्कम देऊ केली. त्यात फोर्ड फाउंडेशनचे साडेबारा कोटी, क्रेसगीचे दहा. राज्य सरकारने आपला वाटा घातला, संग्रहालयाने आपला. चित्रं वाचली, पेन्शन बरंचसं वाचलं. सगळं नाही. साध्या पालिका कर्मचाऱ्यांचं मूळ पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापलं गेलंच. तो तोडगा निघाला तेव्हा टेबलाभोवती न्यायाधीश होते, राज्य होतं, कामगारांच्या संघटना होत्या. त्या सगळ्यांची भाषा कळणारा, पालिकेचा ताळेबंद आयुष्यात आधी कधीतरी वाचलेला माणूस तिथे असावा लागतो. धनादेश लिहिणारे पुष्कळ असतात.

तुझ्या ‘वर कसा जातो’ या प्रश्नाला माझं उत्तर हेच. उपप्रमुख, प्रमुख, मुख्य कार्यकारी अधिकारी अशी शिडी मुंबईत आहे आणि तू ती चढशीलही. पण आपल्या देशात शहरांवर काम करणारी फाउंडेशनं मुळातच थोडी. बहुतेकांचा पैसा शिक्षण आणि आरोग्याकडे जातो. जी आहेत त्यांची नजर बंगळुरू, मुंबई, दिल्लीवर. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे होतं, धुळं पावणेचार लाख, भुसावळ पावणेदोन-दोनच्या मधे, नंदुरबार एक लाखाच्या वर. अशा शहरांना आतून ओळखणारा फाउंडेशनचा माणूस मला अख्ख्या महाराष्ट्रात शोधून सापडत नाही. पाच वर्षं इथे नीट काढलीस तर पुढे मुंबई तुला बोलवेल, आणि मग उपप्रमुख म्हणून नाही.

आता त्या कुटुंबाशी काय बोलायचं ते. हे बोलणं तुला अवघड जाईल, पण आधी झालंच पाहिजे.

पहिलं पैशाचं. हा पैसा कंपनीचा सीएसआर आहे की घरचा स्वतःचा, हे स्पष्ट विचार. दोन्ही पैसे दिसायला सारखे, चालायला अगदी वेगळे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, तोच हा सीएसआर. वर्षात खर्च झाले नाहीत तर चालू प्रकल्पाचे पैसे वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत संपवायचे, नाहीतर सरकारने ठरवून दिलेल्या निधीत जमा करायचे. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा. आणि २०२१ पासून हा पैसा कॉर्पसमध्ये, म्हणजे संस्थेच्या कायमच्या ठेवीतही, टाकता येत नाही. म्हणजे सीएसआरच्या पैशाला मार्च महिन्याची घाई असते. त्या घाईत कारंजं होतं. व्हॉल्व्हमनच्या डोक्यातला नकाशा कागदावर उतरवण्याचं काम त्या घाईत होत नाही. म्हणून म्हण, की सीएसआर पुढे जरूर आणा, ठरलेल्या प्रकल्पांना लावू, पण फाउंडेशनच्या पायाशी तुमचा घरचा पैसा कॉर्पस म्हणून असू द्या. रक्कम लहान असली तरी चालेल. ‘पहिलं वर्ष वाटप नाही’ ही अट त्या पैशावरच पाळता येते. न्यास म्हणून नोंदणी झाली की वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के खर्चायचा नियम लागतोच, तेव्हा शिल्लक पुढे कशी न्यायची हे कामाच्या सुरुवातीलाच सनदी लेखापालाकडून समजून घे.

दुसरं विचारायला जीभ जड होईल. घरातलं कोणी येत्या निवडणुकीत उभं राहणार आहे का? असेल तर ते वाईट नाही, पण मग तुझ्या प्रत्येक कामाकडे गाव त्याच नजरेने बघेल. विरोधी नगरसेवकाच्या वॉर्डात तुला पाऊल टाकता येणार नाही. आणि त्यांचे लेआउट, प्लॉटिंग कुठे आहे? ज्या तळ्याचं सुशोभीकरण करायचं त्याच्या काठाला त्यांचीच जमीन असेल, तर ते काम फाउंडेशनने हातात घ्यायचं नाही. हे आत्ता विचारलंस तर पाच मिनिटांची अडचण आहे. तीन वर्षांनी वर्तमानपत्राने विचारलं तर तुझं नाव जाईल.

सेल्फी पॉइंटला मात्र तोंडावर नाही म्हणू नकोस. त्यांना आपलं गाव छान दिसावंसं वाटतं, ही भावना खरी आहे, आणि तीच तुझी पुंजी आहे. फक्त मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्यांना घेऊन बाजारात चल. भाजी घेऊन बसलेल्या बायका, बसस्टँडवर सावली शोधणारी म्हातारी माणसं, ट्रकमध्ये केळी भरणारे हमाल. ४५ अंशांत. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त माणसं दगावली, तेव्हा तिथल्या महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आधी इशारा द्यायचा, दवाखान्यांनी तयारी ठेवायची, पाण्याची आणि सावलीची सोय करायची. संशोधन संस्था सोबत होत्या, करणारी पालिका होती. जळगाव-भुसावळला हे काम कारंज्याहून किती तरी जवळचं आहे. कुटुंबाचं नाव सावलीच्या शेडवर लागू दे की, काय हरकत आहे? फक्त शेडच्या दिव्याचं मीटर पालिकेच्या नावावर हवं.

आणखी एक, कारण हे कोणी सांगत नाही. ज्या दिवशी तू प्रमुख होशील त्या दिवसापासून लोक तुझ्याशी खरं बोलणं थांबवतील. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला तुझी प्रत्येक सूचना पटते. कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवतात, शाल-श्रीफळ देतात. शाल घेऊ नकोस, व्यासपीठावर बसू नकोस, भेटीला जाताना आगाऊ कळवलंस तर पुन्हा एकदा न कळवता जा. विश्वस्त मंडळात सगळे घरचेच नसावेत असा आग्रह धर. एखादा निवृत्त पालिका लेखापाल, एखादी वस्तीत बचत गट चालवणारी बाई. माझ्या मंडळात अशी एक बाई होती. दोनदा तिने माझे आवडते प्रकल्प उघडपणे मोडीत काढले. दोन्ही वेळा राग आला, दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.

राहता राहिले आप्पा. ‘दुसऱ्याचा पैसा वाटणं’ ही कसली नोकरी, असं त्यांना वाटतं. त्यांना चुकीचं ठरवू नकोस. त्यांना साक्रीकडे घेऊन जा, पांझरेवरचा एखादा जुना बंधारा आणि फड दाखव. कित्येक पिढ्या ती पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, म्हणजे पाणी कोणाला कमी-जास्त लागायला नको. पाणी वाटणारा पाटकरी. ते पाणी त्याचं थोडंच असतं? नदीचं असतं. पण कोणाच्या शेतात किती वेळ जायचं, ते तो बघतो. टोकाच्या शेतकऱ्यालाही आपली पाळी चुकणार नाही अशी खात्री असते, तोवरच फड टिकतो. आप्पांनी शेती पाहिली असेल तर त्यांना यापुढे काही सांगावं लागणार नाही.

आणि अमळनेरच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचं मला जरा नवल वाटलं. गिरणीमालक प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तुझ्या गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तत्त्वज्ञानासाठी, एका गिरणीच्या गावात. २९ डिसेंबर १९४५ ला वनस्पती तुपाची जी कंपनी अमळनेरात नोंदली गेली, तीच पुढे विप्रो झाली. तिच्या शेअर्सचा फार मोठा हिस्सा आज अझीम प्रेमजींच्या दानकार्याला बांधलेला आहे. मार्च २०१९ मध्ये तो सुमारे ६७ टक्क्यांवर गेला. प्रेमजींचं फाउंडेशन मुख्यतः शाळांसाठी काम करतं, शहरांसाठी नाही. पण तो पैसा योग्य ठिकाणी पोचवायला रोज शेकडो माणसं राबतात आणि त्या कामाला शिक्षण लागतं.

आईला सांग, घराजवळ येशील, पण घरी कमीच सापडशील. सकाळी सहाची हजेरी अमळनेरहून गाठता येत नाही, जळगावात खोली घ्यावी लागेल.

मुंबईवाल्यांना आठवडाभरात कळव, ताटकळत ठेवू नकोस. नाही म्हणताना कारण खरं सांग. छोट्या शहरांत काम करून बघायचं आहे आणि मधूनमधून तुमच्याकडे शिकायला येईन. ती माणसं पुढे लागतील.

जळगावचं नेमणूकपत्र आलं की सही करण्याआधी दोन ओळी शोध. एक, पालिकेबरोबर केलेला करार निदान दहा वर्षांचा असेल, आणि फाउंडेशनला त्यातून बाहेर पडायचं झालं तर दोन वर्षं आधी सांगून, काम आणि कागद पालिकेच्या हवाली करून बाहेर पडेल, असं धोरण मंडळ ठरावाने मान्य करणार आहे का. शंभर शहरांच्या त्या कार्यक्रमावरून मी शिकले ते हे. दुसरी, पहिल्या वर्षीचा तुझा पगार आणि फिरतीचा खर्च घरच्या पैशातून आहे का. दोन्ही ओळी नसतील तर पत्र परत पाठव आणि घालून माग. तोवर रजा काढून दोन दिवस अमळनेरला ये आणि तुझ्या गल्लीत पाणी सोडणाऱ्या माणसाला विचार, मला तुमच्याबरोबर एक फेरी येऊ द्याल का. पहाटे किती वाजता निघायचं ते तोच सांगेल.

तुझी,
ताई